तीन क्रॉस आणि एक पाचर

माझ्या जुन्या फोर बाय फोर गाडीच्या मागच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, क्रॉस (त्याच्या सांध्यातला तुकडा) पावणेदोन वर्षांत तीन वेळा गेला, आणि तिन्ही वेळा तो एकाच टोकाचा, म्हणजे डिफरन्शियलकडचा (मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या, एक्सलवरच्या गिअरपेटीकडचा) होता. ट्रान्सफर केसकडचा, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या शाफ्टांना देणाऱ्या पेटीकडचा, क्रॉस त्याच वयाचा, त्याच चिखलातून गेलेला आणि तेवढाच ग्रीस मिळालेला असूनही शाबूत राहिला. या एका गोष्टीकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिले असते, तर पुढचे दोन क्रॉस आणि बरेच रविवार वाचले असते. तरीही या दुरुस्तीचा माग क्रमाने लिहून ठेवतो, कारण वाटेत झालेल्या चुका उत्तराइतक्याच उपयोगी आहेत.

गाडीची रचना जुन्या पद्धतीची आहे. पुढे आणि मागे सलग एक्सल, चारही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंगा, पार्ट-टाइम (गरजेपुरताच पुढच्या चाकांना जोर देणारी) ट्रान्सफर केस आणि पुढची चाके एक्सलला जोडणारे-सोडणारे, हाताने फिरवायचे लॉकिंग हब. ट्रान्सफर केसमधून एक शाफ्ट मागे आणि एक पुढे जातो, आणि प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. या जॉइंटमधला चार भुजांचा पोलादी तुकडा म्हणजे क्रॉस. त्याच्या प्रत्येक भुजेवर सुईसारख्या बारीक रोलरांनी भरलेली एक वाटी बसते आणि ती वाटी योकच्या (शाफ्टच्या टोकावरच्या दोन कानांच्या बेळक्याच्या) कानात सर्क्लिपने, म्हणजे स्प्रिंगच्या कड्याने, अडकवलेली असते. शाफ्टच्या मधल्या भागात स्प्लाइनचा, म्हणजे लांबट दात्यांनी एकमेकांत बसणारा, सरकता जोड असतो, कारण स्प्रिंग दबली की दोन टोकांमधले अंतर बदलते आणि शाफ्टला तेवढे लांब-आखूड व्हावे लागते.

सुरुवात आवाजाने झाली. गाडी संथ चालवताना, विशेषतः भिंतीशेजारून जाताना, पाखराच्या चिवचिवाटासारखा एक लयबद्ध आवाज येऊ लागला, जो वेगाबरोबर भरभर होई आणि ताशी २५–३० किलोमीटरच्या पुढे इतर आवाजांत बुडून जाई. क्रॉसच्या वाटीतील ग्रीस संपून सुया कोरड्या फिरू लागल्याची ही बहुधा सर्वांत पहिली खूण असते, आणि दुर्दैवाने ती ऐकू येईपर्यंत ग्रीस भरण्याची वेळ टळून गेलेली असते. त्यानंतर काही आठवड्यांनी पहिला गिअर टाकून क्लच सोडताना आणि पुढे जाताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना खालून ‘ठक्क’ असा धातूवर धातू आपटल्याचा आवाज येऊ लागला. शेवटी ताशी ५५ ते ६५ किलोमीटरच्या दरम्यान बैठकीतून जाणवणारी थरथर सुरू झाली.

थरथर कुठून येते हे ओळखण्यासाठी आधी इंजिनाला संशयातून बाजूला काढता येते. मोकळ्या, सरळ आणि सपाट रस्त्यावर थरथरीच्या वेगाला पोहोचायचे आणि गाडी न्यूट्रल करून तशीच जाऊ द्यायची. इंजिनाचे फेरे खाली आले तरी थरथर तशीच राहिली, तर तिचे मूळ गाडीच्या वेगाशी बांधलेले आहे, म्हणजे ते चाक, एक्सल किंवा प्रोपेलर शाफ्ट यांत आहे. माझी थरथर तशीच राहिली.

पुढचे काम थोड्या आकडेमोडीचे आहे. माझ्या टायरचा व्यास सुमारे ०.७२ मीटर, म्हणजे परीघ साधारण २.२६ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणून चाक सेकंदाला जवळजवळ ७.४ फेरे घेते. क्राउन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलमधले मोठे दातेरी चक्र आणि शाफ्टने फिरणारा छोटा पिनियन यांचे, गुणोत्तर ४.१ असल्याने शाफ्ट त्याच वेळात सुमारे ३० फेरे, म्हणजे मिनिटाला साधारण १,८०० फेरे घेतो. चाकाचा तोल बिघडला तर सेकंदाला सातेक हेलकावे बसतात आणि ते डुगडुगल्यासारखे जाणवतात. शाफ्टचा तोल बिघडला तर फेऱ्यामागे एक, म्हणजे सेकंदाला ३० हादरे. जॉइंटच्या कोनांत बिघाड असेल तर मात्र फेऱ्यामागे दोन, म्हणजे सेकंदाला ६० हादरे बसतात, आणि ते थरथरीपेक्षा घुमण्याकडे झुकतात. मोबाइलमधील कंप मोजणारे साधे ॲप गिअर लिव्हरशेजारी ठेवून मी हे मोजले होते, आणि ‘साठच्या आसपास’ असे वहीत लिहूनही ठेवले होते. त्याचा अर्थ मात्र मी त्या वेळी लावला नाही. क्रॉस गेला आहे हे हाताला लागत होते, मग आणखी विचार कशाला, अशी ती वृत्ती होती.

पुढचा शाफ्ट की मागचा, हे ठरवणे पार्ट-टाइम गाडीत सोपे आहे. पुढचे हब मोकळे केले आणि ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये ठेवली की पुढचा शाफ्ट फिरतच नाही. तरीही थरथर राहिली तर तो निर्दोष. त्यानंतर उलट तपासणी म्हणून मागचा शाफ्ट काढून, हब लॉक करून, फोर-हायमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या वेगवान गिअरमध्ये, केवळ पुढच्या चाकांच्या जोरावर गाडी हलकेच चालवून पाहता येते. मागची चाके त्याही वेळी फिरतच असतात, त्यामुळे थरथर नाहीशी झाली तर मागची चाकेही निर्दोष ठरतात आणि आरोप थेट मागच्या शाफ्टवर येतो. ही चाचणी प्रत्येक गाडीला लागू नाही. काही ट्रान्सफर केसमध्ये शाफ्टचा सरकता योक थेट केसच्या आत जातो, आणि तो काढला की तेल बाहेर येते. कायम फोर-व्हील असलेल्या गाडीत मधले डिफरन्शियल लॉक केल्याशिवाय एका शाफ्टवर गाडी हलतच नाही.

गाडीखाली जाण्याआधी एक सूचना, कारण ही चूक जीवावर बेतू शकते. गिअरमध्ये ठेवलेली गाडी शाफ्टच्या जोरावर उभी असते. शाफ्ट सुटला की गिअरचा चाकांशी संबंध तुटतो. काही जुन्या फोर बाय फोर गाड्यांत तर हँडब्रेकच ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकावर असतो, म्हणजे मागच्या शाफ्टचे बोल्ट काढताक्षणी हँडब्रेकही निरुपयोगी होतो. म्हणून सपाट जागा, पुढे-मागे दोन्हीकडून भक्कम उटी लावलेली चाके, आणि गाडी उचलली असेल तर जॅकवर नव्हे, घोडीवर (भक्कम स्टँडवर).

ढिलेपणा तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने लगतचा फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टने जोडतात ती चकती) धरावा आणि दोन्ही परस्परविरुद्ध पिळावेत. निरोगी जॉइंटमध्ये या दोहोंत जाणवण्याजोगा प्ले (ढिलेपणा) नसतो. शाफ्ट आणि फ्लँज मिळून एकत्र थोडे फिरतात, तो प्ले क्राउन-पिनियनच्या दात्यांतला असतो आणि जुन्या गाडीत तो थोडा असायचाच. ‘ठक्क’ आवाजाचे सगळे खापर क्रॉसवर फोडण्यापूर्वी हा फरक ओळखला पाहिजे. पिनियनचा फ्लँज वर-खाली हलत असेल तर पिनियनची बेअरिंग गेली आहे, आणि ते काम वेगळे आणि मोठे आहे. शेवटी वाटीच्या कडेला बॅटरीच्या उजेडात पाहावे. तिथे तांबूस-तपकिरी, कोरडी पूड दिसली तर आत सुया गंजून दळल्या जात आहेत असे खुशाल समजावे. माझ्या डिफरन्शियलकडच्या जॉइंटच्या दोन वाट्यांभोवती अशी पूड होती.

पहिला क्रॉस मी एका गॅरेजमध्ये बदलून घेतला. चिवचिव थांबली, ठक्क कमी झाले, पण थरथर कमी होण्याऐवजी वाढली. ‘नवीन आहे, बसेल हळूहळू’ असे सांगण्यात आले आणि मीही ते मानले. सात महिन्यांत तो नवा क्रॉसही गेला. दुसऱ्यांदा मात्र शाफ्ट स्वतः काढायचा असे ठरवले.

काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर, शाफ्टच्या दोन्ही टोकांवर आणि सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर पंचने खुणा केल्या. रंगाची खूण डिझेलने धुताना पुसली जाते, पंचची राहते. सर्क्लिप काढून, एका बाजूला वाटीपेक्षा लहान आणि दुसऱ्या बाजूला वाटीपेक्षा मोठा सॉकेट ठेवून व्हाइसमध्ये दाबले की वाटी मोठ्या सॉकेटमध्ये बाहेर येते. व्हाइसमध्ये शाफ्टची नळी कधीही आवळू नये. पातळ नळीला थोडा जरी पोचा आला तरी शाफ्टचा तोल जातो. घट्ट बसलेल्या वाटीसाठी योकच्या कानांवर घण घालण्याचा मोह आवरावा, कारण कान किंचित वाकले की नवीन वाट्या एका रेषेत बसत नाहीत आणि नवा क्रॉस जन्मतःच आजारी होतो. एक रात्र गंज सोडवणारे तेल, थोडी उष्णता आणि संयम यांनी बहुतेक वाट्या निघतात.

बाहेर काढलेल्या क्रॉसच्या दोन समोरासमोरच्या भुजांवर सुयांच्या जाडीएवढ्या समांतर खाचा पडल्या होत्या. वाटी पूर्ण न फिरता त्याच जागी पुढे-मागे झुलते, त्यामुळे जास्त भार असेल किंवा वंगण नसेल तर प्रत्येक सुई आपल्या जागी खड्डा पाडते. गंमत म्हणजे जॉइंट अगदी सरळ रेषेत, शून्य कोनात चालला तरी असेच घडते, कारण मग सुया हलतच नाहीत. म्हणून निदान अर्धा-एक अंश तरी कोन असावा लागतो.

नवीन क्रॉस बसवताना सर्वाधिक चुका होतात त्या सुयांच्या बाबतीत. वाटी तिरकी दाबली गेली तर एखादी सुई निसटून वाटीच्या तळाशी आडवी पडते, मग वाटी पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिपची खाच दिसतच नाही. अशा वेळी जोर वाढवायचा नसतो. वाटी काढून सुया ग्रीसने पुन्हा भिंतीला चिकटवायच्या असतात. क्रॉसची भुजा आधी वाटीत थोडी शिरवून, तिच्या आधाराने वाटी सरळ आत दाबली तर सुया जागच्या हलत नाहीत. ग्रीसचा निपल ग्रीसगनला पोहोचेल अशा दिशेला आला आहे ना, हे पहिली वाटी बसवण्याआधीच पाहावे. चारही सर्क्लिप बसल्यावर जॉइंट हाताने फिरवून पाहिला तेव्हा तो एका दिशेला जड लागला. योकच्या कानाला पितळी हातोडीचा हलका ठोका दिला की वाट्या बाहेर सरकून सर्क्लिपला टेकतात आणि जडपणा जातो. मग चारही सीलमधून नवे ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीसगन चालवायची. एका जरी सीलमधून ग्रीस आले नाही तर ती भुजा कोरडी राहिली आहे.

हे सगळे करताना मला गॅरेजची चूक सापडली. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असावे लागतात, पण माझ्या शाफ्टचे योक एकमेकांशी तिरके होते. सरकता जोड पूर्ण सुटा करून परत घालताना एक दाता चुकला होता. सोळा दात्यांच्या स्प्लाइनमध्ये एक दाता म्हणजे साडेबावीस अंश, आणि तेवढा फरक डोळ्यांना दिसतो, फक्त पाहायला हवे. जोड योग्य दात्यावर बसवला आणि खरा चोर सापडला, अशा समाधानात मी गाडी बाहेर काढली. थरथर अर्ध्याहून कमी झाली होती, पण गेली नव्हती. मी तिकडे काणाडोळा केला. तिसरा क्रॉस वर्षभराच्या आत गेला.

आता थोडे भूमितीकडे वळावे लागते. या जॉइंटला इटालियन गणितज्ञ जिरोलामो कार्दानो याच्यावरून कार्डन जॉइंट आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याच्यावरून हुकचा जॉइंट असेही म्हणतात, आणि त्याचा मूळ दोष तेव्हापासूनचाच आहे. कोनात वाकलेल्या जॉइंटचे एक टोक एकसमान वेगाने फिरवले तरी दुसरे टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन १० अंश असेल तर हा चढउतार सुमारे दीड टक्का, २० अंशांत सहा टक्क्यांच्या आसपास, आणि ३० अंशांत वेग १३ टक्के घटून १५ टक्के वाढतो. म्हणूनच शाफ्टला दोन जॉइंट देतात. पहिल्याने घातलेली वेगाची लाट दुसरा जॉइंट उलट्या लाटेने मिटवतो, पण त्यासाठी दोन अटी आहेत. योक एका पातळीत असावेत आणि दोन्ही जॉइंटचे कोन समान असावेत. पहिली अट मी पूर्ण केली होती. दुसरी कधी तपासलीच नव्हती, आणि वहीतला ‘साठ’ हा आकडा पावणेदोन वर्षे तेच सांगत होता.

कोन मोजण्यासाठी गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या भारासह उभी असावी लागते. चासी उचलून एक्सल लोंबकळत ठेवला तर येणारे सगळे आकडे व्यर्थ. डिजिटल कोनमापक मी ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजवर ठेवला. ट्रान्सफर केसची अक्षरेषा मागे ६ अंश खाली झुकलेली होती, शाफ्टचा उतार ११ अंश होता आणि पिनियन केवळ २ अंश वर पाहत होता. म्हणजे वरच्या, ट्रान्सफर केसकडच्या जॉइंटमध्ये ५ अंश आणि डिफरन्शियलकडच्या जॉइंटमध्ये तब्बल ९ अंशांचा कोन. दोन कोनांतील फरक एका अंशाच्या आत असावा असा संकेत आहे. माझा ४ होता. उरलेली न मिटलेली लाट किती, हे दोन्ही कोनांच्या वर्गांतील फरकाचे वर्गमूळ काढून कळते. ८१ वजा २५ म्हणजे ५६, त्याचे वर्गमूळ जवळजवळ साडेसात. म्हणजे दोन जॉइंट असूनही माझा शाफ्ट साडेसात अंशांवरच्या एकट्या जॉइंटसारखा हिसके देत होता, आणि जास्त कोनात चालणारा मागचा क्रॉस वरच्यापेक्षा खूप आधी झिजत होता.

कारणे दोन निघाली. गिअरबॉक्सखालचे फाउंडेशनचे रबर तेलाने फुगून खाली दबले होते, त्यामुळे ट्रान्सफर केसचे मागचे टोक खाली आले होते. दुसरे कारण आधीच्या मालकाच्या हौसेत होते. गाडी उंच व्हावी म्हणून मागच्या स्प्रिंगांत त्याने जादा पाटे टाकले होते, आणि पिनियनचा कोन मात्र कोणीच सुधारला नव्हता.

रबर बदलल्यावर ट्रान्सफर केस ६ वरून ४ अंशांवर आली. मागचे टोक उचलले गेल्याने शाफ्टचा उतार साडेअकरा झाला. आता पिनियनही ४ अंश वर पाहायला लागला की दोन्ही अक्षरेषा समांतर. त्यासाठी एक्सलची बैठक आणि स्प्रिंग यांच्यामध्ये २ अंशांची पोलादी पाचर घालायची होती. ॲल्युमिनियमच्या पाचरी मिळतात, पण खराब रस्त्यावर त्या दबून, चिरडून निघतात, म्हणून पोलादीच घेतली. कबूल करायला हवे की पहिल्यांदा ती मी उलटी बसवली. एका बाजूचा जाड भाग पुढे हवा की मागे, याचा कागदावर विचार न करता अंदाजाने घातली आणि पिनियन शून्यावर गेला. ताशी ४० किलोमीटरवरच आरसा इतका थरथरू लागला की मागे येणारे वाहन एक आहे की दोन ते कळेना. माझे निदान योग्य दिशेने चालले आहे याची ही खात्रीच होती, असे मी स्वतःला समजावले आणि पाचर फिरवली. पिनियन वर येताच शाफ्टचा उतार ११ वर आला आणि दोन्ही जॉइंटमध्ये ७–७ अंश मिळाले.

हे ७ अंश आदर्श नाहीत. रस्त्यावरच्या गाडीत हा कोन ३ अंशांच्या आत असावा असे मानतात. पाटे काढून गाडी मूळ उंचीवर आणणे हा त्यावरचा खरा उपाय. दुसरा उपाय म्हणजे ट्रान्सफर केसकडे दुहेरी कार्डन जॉइंट लावणे. त्यात दोन क्रॉस शेजारी बसून वरचा सगळा कोन आपापसांत वाटून घेतात, पण मग पिनियन समांतर न ठेवता शाफ्टच्या रेषेतच, फार तर अंशभर खाली ठेवावा लागतो. समांतर कोन आणि दुहेरी जॉइंट हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की थरथर परत आलीच.

पाचर घातल्यावर स्प्रिंगचे यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात. माझे जवळजवळ अर्धा फेरा सैल झाले होते. फ्लँजचे बोल्ट मी नवे घेतले. पुढच्या शाफ्टचे टोक चालत्या गाडीत सुटले तर ते रस्त्यात रुतून गाडी उचलू शकते, म्हणून तिथले बोल्टही त्याच दिवशी बदलले.

तोलाचा प्रश्न माझ्या बाबतीत उद्भवला नाही, तरी थरथर फेऱ्यामागे एकदाच येत असेल तर नळीवर साचलेला वाळका चिखल, पोचा आणि निखळलेला तोलाचा तुकडा या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. पुढच्या शाफ्टचा सरकता जोड मात्र मला गंजून घट्ट झालेला आढळला. हब मोकळे असताना तो महिनोन्महिने फिरत नाही, आणि जो फिरत नाही त्याला ग्रीस द्यायचे कोणाच्या लक्षात येत नाही.

चौथा क्रॉस बसवून आता चौदा महिने झाले. दर ५,००० किलोमीटरला आणि पाण्यातून गाडी गेली की लगेच ग्रीसगन चालते, आणि कोनमापक सहा महिन्यांतून एकदा बाहेर निघतो. मागच्या वेळी आकडे ७ आणि ७.३ आले. ताशी ६० किलोमीटरला आरसा स्थिर असतो. क्लच सोडताना हलका ‘ठक्क’ अजून येतो, पण शाफ्ट आणि फ्लँज एकत्रच फिरतात, म्हणजे तो क्राउन-पिनियनमधला आहे. डिफरन्शियलचे ते हाउसिंग उन्हाळ्यात उघडायचे आहे.